आजीचा करंडा, वडिलांचा बिल्ला आणि मुंबईचा पावसाळा: घर सजवताना या चुका टाळा

गिरगाव, लालबाग, दादर, वरळी... सध्या मुंबईत जिकडेतिकडे चाळी रिकाम्या होतायत आणि कुटुंबं टॉवरमध्ये चालली आहेत. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणं ही मोठीच गोष्ट आहे. पण सामान बांधताना फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आधी टेम्पोत चढतात आणि पोटमाळ्यावरची ट्रंक, तांब्याचा बंब, आजोबांचा काळ्या चौकटीतला फोटो यांचा प्रश्न शेवटच्या दिवसावर जातो. त्या दिवशी कोणालाच विचार करायला वेळ नसतो. भंगारवाला किलोवर भाव करतो आणि बंब जातो. मग काही महिन्यांनी नव्या हॉलच्या कोपऱ्यात शोभेसाठी विकत आणलेली, मुद्दाम जुनाट केलेली पितळी घागर उभी राहते. घरातली खरी घागर देऊन ही आणलेली असते, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून पहिली चूक हीच: जुन्या वस्तूंचा निर्णय शिफ्टिंगच्या दिवशी घेणं. निदान महिनाभर आधी ट्रंक उघडा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवा.

फर्निचर आधी, वस्तू मागाहून

इंटिरियरवाला ड्रॉइंग काढतो, टीव्ही युनिट ठरतं, फॉल्स सीलिंग होतं आणि मग आपण विचारतो, ‘आईची शिलाई मशीन कुठे ठेवायची?’ तोवर जागा संपलेली असते. आधी चार-पाच वस्तू निवडा, टेपने त्यांची मापं घ्या आणि ती मापं सुताराच्या हातात द्या. शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड दाराजवळच्या टेबलासाठी उत्तम चालतं. जातं किंवा पाटा-वरवंटा मात्र प्लायच्या शेल्फवर चढवू नका. दगडाच्या वजनाने शेल्फ वाकतं आणि बिजागऱ्या निखळतात. त्यांची जागा जमिनीवर, कोपऱ्यात.

आणि सगळं एकदम मांडू नका. मुंबईच्या हॉलमध्ये पाच वस्तू उठून दिसतात, पंचवीस मांडल्या की धूळ तेवढी दिसते. बाकीच्या नीट बांधून ठेवा आणि गौरी-गणपतीला, दिवाळीला अदलाबदल करा. सणाला बाहेर आलेली समई पाहुण्यांच्या नजरेत भरते, बारा महिने समोर असलेली घरच्यांनाही दिसेनाशी होते.

सगळ्यात महाग पडणारी चूक: दमट भिंत

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागद, कापड, लाकूड यांवर बुरशी धरते, आणि जुलैत आपल्याकडे ती त्याहून बरीच वर असते. नैऋत्येकडून येणारा पाऊस इमारतीच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूंना झोडपतो. म्हणजे ज्या बाहेरच्या भिंतीवर संध्याकाळचा उजेड सुंदर पडतो, तीच भिंत फोटोंसाठी सगळ्यात वाईट. जुन्या फोटोंना दोन खोल्यांमधली आतली भिंत द्या. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. घर नवीन असेल तर एक पावसाळा जाऊ द्या, रंगाला कुठे फुगे येतात ते बघा आणि मगच खिळे ठोका.

फोटोंच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान काच टेकल्यामुळे होतं. जुन्या फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. ओलाव्याने तो फुगतो आणि काचेला चिकटतो. फ्रेमवाल्याला आवर्जून सांगा की काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट हवा. चिकटून बसलेला फोटो ओढून काढायला जाऊ नका, चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करून घ्या, त्याची चांगली प्रिंट भिंतीवर लावा आणि मूळ फोटो तसाच जपून ठेवा. लॅमिनेशन तर करूच नका, ते परत सोडवता येत नाही. १९७०-८०च्या दशकांतले रंगीत फोटो अंधारात ठेवले तरी हळूहळू लालसर पडतात, त्यामुळे त्यांचं स्कॅनिंग सगळ्यात आधी उरका.

बुरशी धरलीच असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती आणखी आत जाते. वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा, पंख्याच्या हवेत सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्या, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने अलगद झटका. कडक उन्हात ठेवलं तर कागद वाकतो आणि रंग उडतो.

आता पैठणी. आईची किंवा आजीची पैठणी फ्रेम करायची हौस हल्ली खूप दिसते. काही फ्रेमवाले पदर प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवून देतात. असं केलं की ती पैठणी कायमची गेली. पदर सुती कापडावर बारीक टाक्यांनी टाचायला सांगा, काच कापडाला टेकणार नाही एवढं अंतर ठेवायला सांगा. धड साडी फ्रेमसाठी कापू नका; अंग विरलेलं असेल तरच काठ-पदर वेगळे करा. जी साडी घडी घालून ठेवणार, तिची घडी दर काही महिन्यांनी बदला, कारण एकाच रेषेवर जरीची तार तुटते. ती मलमलच्या कापडात गुंडाळा आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, ती काळी पडते.

चकाकीचा हट्ट

रोजच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच किंवा पितांबरी ठीक आहे. पण नक्षीचा करंडा, अडकित्ता, देवघरातली जुनी मूर्ती दर आठवड्याला घासली की नाकडोळे झिजतात. चांदीचा मुलामा असेल तर तो निघून खालचा पिवळा धातू दिसू लागतो. लिंबू-मीठ लावून भांडं तसंच ठेवलं तर धातूला बारीक खड्डे पडतात. लगेच धुवा, कोरडं पुसा. समुद्राजवळच्या घरात खारट हवेने पितळ भराभर काळवंडतं, तिथे शोभेच्या भांड्यांवर पारदर्शक लॅकर मारून घ्यायला हरकत नाही. मात्र लॅकर मारलेल्या भांड्यात परत स्वयंपाक करायचा नाही. आणि कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी-कढीसारखं आंबट काही नको.

भिंत ओळखल्याशिवाय खिळा नको

नव्या टॉवरमध्ये बऱ्याच भिंती पूर्ण काँक्रीटच्या असतात. हातोडीने ठोकलेला खिळा वाकतो आणि प्लास्टर तेवढं उडतं, त्यामुळे हॅमर ड्रिल लागतं. उलट हलक्या ब्लॉकच्या भिंतीत, ज्यांना कारागीर सिपोरेक्स म्हणतात, स्क्रूसाठी भोकात बसवायचा साधा प्लास्टिकचा गुल्ला काही दिवसांत सैल होतो. जड आरसा किंवा काचेची मोठी तसबीर लावायची असेल तर ब्लॉकसाठीचे खास फास्टनर मागा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली कधीच भोक पाडू नका, वायरिंग तिथूनच जातं.

वस्तू आहे, पण कोणाची ते माहीत नाही

लालबाग-परळच्या कितीतरी घरांत अजून गिरणीचा बिल्ला, पास किंवा सूत गुंडाळायचं लाकडी बॉबिन सापडतं. १९८२च्या संपानंतर ज्यांच्या गिरण्या परत सुरूच झाल्या नाहीत, त्यांच्या हातातलं ते शेवटचं काही. ते फ्रेम करून लावलं, पण खाली नाव नाही, खातं नाही, साल नाही, तर नातवाला तो नुसता पत्र्याचा तुकडा दिसणार. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर वस्तूंच्या शेजारच्या चिठ्ठ्या वाचा. घरीही तसंच करा. कोण, कुठे, केव्हा, एवढं कागदावर लिहा आणि फ्रेमच्या पाठीमागे लावा. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे वळ उमटतात. मऊ पेन्सिल वापरा. आत्या, मामा, मोठी काकू यांना फोटो दाखवून मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून घ्या. हे पुढच्या वर्षावर ढकलू नका.

चोर बाजारातून, मटण स्ट्रीटवरून आणलेली वस्तू घरात जरूर ठेवा. फक्त ती ‘आमच्या पणजोबांची’ म्हणून पाहुण्यांना सांगू नका.

भावंडांना न विचारता

समई एक आणि हक्क सांगणारे तीन, असं जवळजवळ प्रत्येक घरात असतं. ज्याच्या घरी आई-वडील राहिले त्याने सगळं भिंतीवर लावलं की बाकीच्यांच्या मनात सल राहतो आणि तो लग्नकार्यात बाहेर पडतो. फोटोंच्या प्रती काढून सगळ्यांना द्या. वस्तूंचं एकत्र बसून ठरवा, हवं तर दोन-दोन वर्षांनी त्या एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ द्या. भावंडांपैकी कोणी परदेशात असेल तर एक कायदा लक्षात ठेवा: १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पणजीच्या काळातली मूर्ती बॅगेत घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर तसा दाखला त्यांच्याकडून घेऊन जवळ ठेवा.