लेझर कटिंगला देण्याआधी फाइल नीट कशी करावी

घराच्या पाटीपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं हल्ली लेझरवर कापून मिळतं. पण दुकानदार फाइल उघडतो, कपाळाला आठ्या घालतो आणि ‘डिझाइनचे वेगळे लागतील’ म्हणतो. ते पैसे वाचवायचे असतील तर हे घरीच करा. समजा, नाशिकरोडच्या बंगल्यासाठी एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीवर) ‘गंगाई’ अशी पाटी हवी आहे.

चित्र काढायला सॉफ्टवेअर लागेल: इंकस्केप फुकट मिळतं, कोरलड्रॉ (कोरल) असेल तर उत्तमच. आधी एकक मिलिमीटर करा आणि चित्र खऱ्या मापातच काढा. डीएक्सएफ (लेझरवाले घेतात तो फाइलचा प्रकार) दुसऱ्या संगणकावर उघडताना मिलिमीटरचे इंच झाले, की पाटी २५.४ पट मोठी दिसते. म्हणून एकूण रुंदी कागदावर लिहून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा जेपीजी कोरलमध्ये चिकटवला म्हणजे तो व्हेक्टर (लेझरला कापता येईल असं रेषांचं चित्र) होत नाही. तो ट्रेस करावा लागतो, म्हणजे त्यावरून रेषा काढून घ्याव्या लागतात.

खरी गंमत देवनागरीची. नाव युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करा, त्याची एक प्रत बाजूला ठेवा आणि मग अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या रेषा करा (कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’). आता वायरफ्रेममध्ये (रंग न भरता फक्त रेषा दाखवणाऱ्या दृश्यात) बघा. पडद्यावर सलग दिसणारी शिरोरेषा प्रत्यक्षात तुकड्यातुकड्यांची असते. ‘ग’ची रेघ कान्यात घुसलेली, कान्याची ‘ई’त. ही फाइल तशीच दिली तर लेझर प्रत्येक सांध्यावर कापणार आणि अक्षरं सुटी होऊन हातात येणार. म्हणून ग्रुप सोडवून सगळं ‘वेल्ड’ किंवा ‘युनियन’ करा, म्हणजे तुकडे एकसंध होतील. तरीही ‘गं’वरचा अनुस्वार सुटाच राहतो. त्याला शिरोरेषेशी जोडणारी बारीक दांडी काढा, नाहीतर तो वेगळा चिकटवायची तयारी ठेवा. स्टेन्सिल (अक्षरं भोकं म्हणून कापलेला साचा) करायची असेल तर उलटं दुखणं: ‘व’, ‘ब’च्या पोटातला तुकडा गळून पडतो. तिथेही दांडी हवीच.

कापायच्या रेषा एका रंगात, कोरायचा भाग दुसऱ्या रंगात ठेवा. सहसा लाल आणि काळा चालतो, पण ऑपरेटरला विचारून घ्या. कापायच्या रेषेची जाडी हेअरलाइन, म्हणजे सर्वांत बारीक ठेवा. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा शोधून काढून टाका, नाहीतर लेझर त्याच जागी दोनदा फिरतो आणि कड काळी पडते. आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. तुकडा सुटला की हलतो.

मखरासारखं खाचांचं काम असेल तर व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) फळीची जाडी मोजा. ‘३ मिमी’ एमडीएफ क्वचितच नेमकं ३ मिमी भरतं. लेझर स्वतःही साधारण ०.१ ते ०.२ मिमी खातो. तेवढी खाच अरुंद काढा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर कापून बघा.

पीव्हीसी फोम शीट किंवा व्हिनाइल मात्र लेझरखाली घालू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुफ्फुसांना आणि मशीनला, दोघांनाही खातो. तसलं काम राउटरवाल्याकडे (फिरत्या पात्याने कापणाऱ्याकडे) न्या. स्टीलची पाटी हवी असेल तर फायबर लेझर (धातू कापणारा लेझर) लागतो, त्यासाठी नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींकडे चौकशी करा.