पावसाळ्यात काजूचा माल दुकानांपर्यंत पोचवताना

गोव्यात म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, त्यामुळे तिथल्या दुकानांचा माल बुधवारीच उतरवा. शुक्रवारी टेम्पो लावायला जागा शोधत बसाल. शेवटी उतरवायचा माल गाडीत आधी भरा.

गोदामात पुठ्ठ्याची खोकी थेट फरशीवर नकोत. ओल खालून चढते, तळ मऊ पडतो आणि वरच्या वजनाने खोकं बसतं. खाली फळ्या घाला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा.

कोल्हापूर-बेळगावला 50,000 रुपयांवरचा माल जात असेल, तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, हवंच. दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. घाटात गाडी बंद पडून माल दुसऱ्या टेम्पोत चढवला, तर बिलात नवा गाडी नंबर भरल्याशिवाय हलू नका. धांदलीत नेमकं हेच राहतं.

उधारी एका बिलापुरतीच. जुनं चुकतं झालं की नवा माल.