इंग्लंडमध्ये सगळ्या देशांच्या मुलांना कथक शिकवायचं असेल तर

पुण्यात विशारद करून इकडे आलेल्या मुली मला फोन करतात, ताई क्लास सुरू करायचाय पण येणारी मुलं आपलीच असतील असं नाही, कसं करू? प्रत्येकीला तेच सांगतेय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हॉल. कम्युनिटी सेंटरचा किंवा चर्चचा हॉल तासावर मिळतो, पण बुक करायच्या आधी तिथे अनवाणी दहा मिनिटं तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, करून बघा. खाली लाकूड हवं आणि लाकडाखाली थोडी पोकळी. टाइल्स किंवा कार्पेटखाली थेट काँक्रीट असेल तर कितीही स्वस्त असला तरी नाही म्हणा, जानेवारीत त्या गार जमिनीवर पाय आपटून पोटऱ्या नि गुडघे दोन्ही धरतात. डीबीएस चेक (गुन्हेगारी नोंदीची सरकारी तपासणी) आणि पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स (क्लासमध्ये कोणाला इजा झाली तर भरपाईचा विमा) करून ठेवा, विचारतातच. आणि आपल्याला सवय असते मुलाचा हात धरून सरळ करायची, ते इथे विचारून करायचं.

आता शिकवणं. माझं ठाम मत आहे की समजावायची भाषा हवी तेवढी बदला, तालीम बदलू नका. माझ्याकडे गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी मुली आहेत, एक पोलिश आहे, एकीची आजी जमैकाची. पहिले तीन आठवडे पाय हलवायचेच नाहीत, फक्त हातावर तीनताल, १६ मात्रा, १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा, आणि तोंडाने बोल, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मुलं वन टू थ्री फोर मोजायला लागतात, शाळेत तसंच शिकलेली असतात, एक दिवस मोजू द्या मग बंद करा, कारण आकड्यांना वजन नसतं, बोलांना असतं. अजून एक, इथे वाढलेली बरीच मुलं त च्या जागी ट म्हणतात, "टा ठेई ठेई टट्". जीभ वरच्या दातांना टेकवून दाखवा, आरसा द्या हातात. हे बारीक वाटेल पण तोंडातला त मऊ झाला की पायही मऊ पडतो, मी दरवर्षी बघते.

बॅले शिकलेली मुलगी आली की चक्कर, म्हणजे गिरकी, चवड्यावर घेणार. तिला चूक म्हणू नका, तिचं शरीर आधीच एक भाषा बोलतंय. जमिनीवर खडूने छोटी फुली काढा नि सांगा की टाच तिथून सुटली नाही पाहिजे. आणि मान शेवटी वळवून नजर पुन्हा समोर आणायची हे तिला आधीच येत असतं, त्याबद्दल तिचं कौतुक करा.

अभिनयाला जास्त वेळ ठेवा. पनघटची गत, म्हणजे घागर घेऊन पाण्याला जाणारीची चाल, शिकवताना लक्षात आलं की वर्गातल्या अर्ध्या मुलींनी घागर कधी बघितलेलीच नाही, सगळ्या रिकामं काहीतरी धरल्यासारख्या चालत होत्या. मग किचनमधून बादली आणली, काठोकाठ भरली, प्रत्येकीला कमरेवर घेऊन हॉलभर चालायला लावलं. जमीन ओली झाली, पण पुढच्या वेळी रिकाम्या हातांनी चालतानाही सगळ्यांची कंबर बरोबर एका बाजूला झुकली.

काही पालक पहिल्याच दिवशी विचारतात, हे धार्मिक आहे का? खरं तेच सांगा. कथक कथा सांगणाऱ्यांकडून आलं आणि लखनौचा नवाब वाजिद अली शाह याच्या दरबारातही वाढलं, त्यामुळे त्यात वंदना आहे तशी सलामीही आहे. मी दोन्ही शिकवते. पाकिस्तानातून आलेल्या नाहिद सिद्दीकींनी बर्मिंगहॅममध्ये कथक रुजवलं, लंडनमध्ये बांगलादेशी घरात वाढलेला नर्तक अक्रम खान कथकगुरू प्रताप पवारांकडे शिकला, ही नावं जरूर सांगा, पालकांच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरतो.

मग फ्युजनचं, म्हणजे कथकमध्ये दुसरे नाच मिसळण्याचं काय, हे प्रत्येकजण विचारतं. हे काही नवीन नाही, १९२३ मध्ये लंडनमध्ये चित्रकला शिकणारा उदय शंकर रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोवाबरोबर राधा-कृष्ण नाचला होता. पण अक्रमचं उदाहरण नीट बघा, आधी लहानपणापासून वर्षानुवर्षं कथक, नंतर कंटेम्पररी, आणि २००० साली स्वतःची कंपनी. मी मुलांना शिकण्याच्या पाचव्या वर्षाआधी मिसळू देत नाही. मागे एका शाळेने दिवाळीला बोलावलं आणि आयत्या वेळी म्हणाले थोडं बॉलिवूड करा, मुलांना तेच आवडेल. मला फार लागलं ते. मी नम्रपणे नाही म्हटलं, सगळ्या हॉलला टाळी-खाली शिकवली आणि तिहाई, म्हणजे तेच बोल तीनदा, सुरू केली, तिसऱ्यांदा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताना ती तीनशे मुलं आमच्याबरोबर टाळी देत होती.

परीक्षा द्यायच्या असतील तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या आहेतच, शिवाय इथल्या आयएसटीडी या नृत्यशिक्षकांच्या संस्थेचा कथकचा अभ्यासक्रम आहे, शाळेतल्या लोकांना तो पटकन कळतो. दोन्ही एकदम नका करू, मूल दमतं.

घुंगरू पहिल्या दिवशी देऊ नका. तत्कार दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, स्वच्छ ऐकू आला की मगच, लहानांना एका पायात पन्नास पुरे. वेल्क्रोच्या पट्ट्या नकोत, भारतातून कोणी येत असेल तर सुटे पितळी घुंगरू आणि सुती दोरी मागवा, आणि एका रविवारी पालकांना बोलावून ओवायला बसवा, प्रत्येक घुंगराच्या मध्ये एक गाठ. आमच्याकडे त्या पोलिश मुलीचे बाबा सगळ्यात घट्ट गाठी मारतात, आता बाकीचे त्यांच्याकडूनच शिकतात. दोन-तीन तास सहज जातात, चहा जास्त ठेवा.