गावात दवाखाना टाकताय? अंबू बॅग घेतली का?

टेबल, पडदा, तपासणीचा पलंग, बीपीचं मशीन, वजनकाटा, इन्व्हर्टर हे कुणी सांगावं लागत नाही. वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी असतं, तेवढं बघून ठेवा. आता अंबू बॅग, म्हणजे श्वास थांबलेल्याला हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. मोठ्या माणसाची एक, मुलाची एक, तान्ह्या बाळाची एक, आणि तिन्हींचे मास्क. पाटी रंगवायला देण्याआधी ही घ्या.

मी घेतली नव्हती. माझा पहिला दवाखाना कोकणात, घाटाखाली. पहिल्याच पावसाळ्यात एका पहाटे अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. पोटात दुखतंय, गिळता येत नाही, एवढीच तक्रार. रात्री जमिनीवर झोपलेला. अंगावर दातांची खूण नाही, सूज नाही, पण पापण्या वर होईनात. मण्यार चावली की पुष्कळदा कळतसुद्धा नाही. निदानात मी चुकलो नाही. एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, 10 कुप्या सलाइनमधून सुरू केल्या, शेजारी अ‍ॅड्रिनॅलिन भरून ठेवलं, जीप बोलावली. अर्ध्या वाटेत त्याचा श्वास उथळ होत होत थांबला. व्हेंटिलेटर अजून वीस किलोमीटरवर, आणि श्वास द्यायला माझ्याजवळ काहीही नाही. बापाने डोकं मांडीवर धरलं आणि उरलेला रस्ता मी तोंडाने श्वास देत गेलो. चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून मूल वाचलं. त्यात माझ्या तयारीचा वाटा नव्हता.

एएसव्ही रक्तात फिरणारं विष निकामी करतं. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोकं एकदा खराब झाली की भरून यायला दिवस लागतात, आणि तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. निओस्टिग्मिन नागाच्या दंशात कामाला येतं, मण्यारीत त्यावर विसंबू नका. अंबू बॅगवर विसंबा.

एएसव्ही शक्यतो पावडरीचं घ्या. पातळ औषधाला 2 ते 8 अंशांचा फ्रीज लागतो आणि पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस येत नाही. मुलाला कुप्या कमी देऊ नका, साप मुलाला विष कमी सोडत नाही. घोणस-फुरशासाठी 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करायची, तिला कोरडी, स्वच्छ काचेची नळी लागते. प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली तर नाहीच. अशा डझनभर नळ्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्या डब्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.

विंचवासाठी प्राझोसिनच्या गोळ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात त्यांचा उपयोग दाखवून दिला. तरीही लाल विंचू चावून गार घामाने भिजलेल्या माणसाला नुसतं दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेलं मी पाहिलंय, आणि दर वेळी राग येतो.

फवारणीचा हंगाम असलेल्या गावात अ‍ॅट्रोपिन खोकाभर. एका अ‍ॅम्प्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं, ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेल्या एका माणसाला अशी पन्नासही लागू शकतात. त्याचाही श्वास वाटेत थांबू शकतो. पुन्हा अंबू.

बाळंतपणं करणार नाही असं ठरवलंत तरी एखादी बाई तुमच्या दारात, रिक्षातच बाळंत होणार. पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटातच पिशवीने श्वास सुरू व्हायला हवा. मोठ्यांची पिशवी तिथे वापरायची नाही. साधारण 240 मिलिलिटरची लागते, मास्क 0 आणि 1 नंबरचे. म्हणून सुरुवातीलाच तीन म्हटलं.

आणि घेऊन कपाटात कोंबू नका. रबर चिकटतं, झडप अडकते, मास्क कुठेतरी जातो. दर सोमवारी हवेच्या तोंडावर तळहात घट्ट लावून पिशवी दाबून बघायची. सहज दबली तर गळतेय, बदला. मोठ्यांची आणखी एक पिशवी जीपमध्ये ठेवायची. दवाखान्यातली घेऊन निघू, असं त्या घाईत आठवत नाही.

ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधा. 108 आहे, पण घाटात दरड आली किंवा रेंज गेली तर ती वेळेत पोचणार नाही, म्हणून दोन जीपवाल्यांशी आधीच बोलून नंबर भिंतीवर लिहा. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात फोन करून व्हेंटिलेटर मोकळा आहे का विचारा. चिठ्ठीवर काय दिलं, किती वाजता दिलं, ते लिहा.

बाकी पटापट. आशाताईंना पहिल्याच आठवड्यात भेटा. सुया-बोळ्यांच्या कचऱ्याची प्रदूषण मंडळाकडची परवानगी काढा. उधारीची वही ठेवा, तगादा लावू नका. औषधांच्या तारखा महिन्याला बघा. स्वतःची धनुर्वाताची आणि हिपॅटायटिस बीची लस घ्या.

आणि अंबू बॅग दाबायला आणखी कुणाला तरी शिकवा, कारण 40 किलोमीटर एकट्याचा हात चालत नाही. मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास, छाती वर येईल इतकाच, घाई नाही. माझ्याकडे आता तिघांना येतं: कंपाउंडरला, जीपवाल्याला आणि त्याच्या बायकोला.