घरातलं तळं: पेटी बांधण्यापासून झाडं रुजेपर्यंत

घरात तळं करायचं म्हटलं की लोक आधी आकार आणि मासे ठरवतात. खरं तर आधी दोनच गोष्टी बघायच्या: जमीन किती वजन पेलते आणि त्या कोपऱ्यात उजेड किती येतो. तळ्याची खोली वजनावर ठरते आणि झाडं उजेडावर. पुढची सगळी मापं एका नमुन्याच्या तळ्याची आहेत: आतून 90 सेमी लांब, 60 सेमी रुंद, 40 सेमी उंच पेटी आणि त्यात 35 सेमी पाणी. तुमच्या जागेप्रमाणे आकडे बदला, हिशोबाची रीत तीच राहते.

वजनाचा हिशोब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आपल्या पेटीत 90 × 60 × 35 म्हणजे 189 लिटर पाणी बसतं. त्यात खडी, टोपल्या, दगड आणि पेटीचं लाकूड धरलं की एकूण वजन अडीचशे किलोच्या आसपास जातं, आणि ते सगळं जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर येतं. घराच्या मजल्यांचं डिझाइन साधारण दर चौरस मीटरला 150 ते 200 किलो वापरातलं वजन धरून केलेलं असतं. स्लॅब हे वजन आजूबाजूला वाटून घेतो, म्हणून एवढं तळं ठेवल्यावर लगेच काही होत नाही. पण वर्षानुवर्षं न हलणारा भार खोलीच्या मध्यावर ठेवू नये.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की लांबी-रुंदी वाढवली तर वजन जास्त जागेवर पसरतं, खोली वाढवली तर त्याच जागेवर साठतं. दर 10 सेमी खोलीमागे चौरस मीटरला 100 किलो वाढतात. वरच्या मजल्यावर म्हणूनच पसरट आणि उथळ तळं बरं, 20 सेमी पाण्यातही बरीच झाडं छान वाढतात. जागा भिंतीलगत, तुळईच्या वर किंवा जवळ निवडा. लाकडी मजला असेल तर पेटीची लांब बाजू खालच्या वाशांना आडवी येऊ द्या, म्हणजे वजन जास्त वाशांवर जातं. यापेक्षा मोठं काही मनात असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. तळमजल्यावर जमिनीवरच ओतलेली फरशी असेल तर ही काळजी बरीच कमी होते.

उजेड

भर दुपारी तळ्याच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर 30 सेमी उंचीवर हात धरा. सावली कडेला रेखीव पडली तर उजेड भरपूर. सावली दिसते पण कडा पुसट आहेत, तर मध्यम. सावली ओळखूच येत नसेल तर दिव्याशिवाय तिथे झाड टिकणार नाही.

कमळ आणि वॉटर लिलीला दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. तेवढं ऊन घरात क्वचितच येतं. त्यांच्या हौसेपायी पहिलं वर्ष वाया घालवू नका, फूल न येता नुसती लांब देठांची पानं येत राहतात. दिवा लावायचा असेल तर 6500 केल्व्हिनचा पांढरा एलईडी घ्या. कमी उजेडाच्या झाडांना लिटरमागे 15 ते 20 ल्युमेन पुरतात, म्हणजे आपल्या तळ्याला साधारण 3000 ते 4000. दिवा पाण्याच्या वर 30 ते 40 सेमीवर टांगा आणि टायमरला जोडा: सुरुवातीला 8 तास, झाडं धरल्यावर 10. टायमर नसला की दिवा कधी बारा तास चालतो, कधी चार, आणि अशा अनियमित उजेडाचा फायदा झाडांआधी शेवाळ उचलतं.

पेटी

18 मिमी मरीन प्लाय घ्या. तुकडे असे कापून आणा: तळाला 93.6 × 63.6 सेमीचा एक, लांब भिंतींना 93.6 × 40 चे दोन, आखूड भिंतींना 60 × 40 चे दोन. भिंती तळाच्या फळीवर उभ्या राहतात आणि आखूड भिंती लांब भिंतींच्या मध्ये बसतात; आतलं माप बरोबर 90 × 60 येतं. सांध्यांना पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद लावा आणि दर 10 सेमीला 50 मिमीचा स्क्रू. आधी ड्रिलने बारीक भोक पाडून मग स्क्रू पिळा, नाहीतर प्लायची कड फाटते.

पाणी बाजूला किती जोर लावतं याचा अंदाज लोकांना नसतो. 35 सेमी पाण्याला 90 सेमीच्या एका भिंतीवर जवळजवळ 55 किलोचा रेटा असतो, आणि तो रात्रंदिवस असतो. खालची कड तळाच्या फळीला धरलेली असते, म्हणून भिंत फुगते ती वरच्या बाजूला, बरोबर मध्यावर. त्यावर उपाय दोन. वरच्या कडेला बाहेरून चारही बाजूंनी 40 × 20 मिमीची पट्टी मारा, आणि लांब भिंतींच्या मध्यावर वरून एक आडवी पट्टी टाकून दोन्ही भिंती एकमेकींना बांधा. आडवी पट्टी दिसायला नको म्हणून वगळण्याचा मोह होतो. वगळू नका, नंतर तिच्यावरच एखादं झाड चढवता येतं.

पेटीला चार पाय लावू नका, सगळं वजन चार टोकांवर येतं. त्याऐवजी तळाखाली साधारण दर 20 सेमीला एक अशा पाच आडव्या लाकडी पट्ट्या ठोका. वजन वाटलं जातं आणि खालून हवा खेळते, ओल साठत नाही. पेटी भिंतीपासून 10 सेमी लांब ठेवा. चिकटवली तर मागे बुरशी धरते आणि ती महिनोन्‌महिने दिसतही नाही. शेवटी पाणसळ लावून दोन्ही दिशांनी पातळी बघा. फरशीला उतार असेल तर पट्ट्यांखाली पाचर मारा. पाच मिलिमीटरचा फरक रिकाम्या पेटीत कळत नाही, पण पाणी भरल्यावर एका बाजूची कड उघडी पडते.

लायनर

0.75 ते 1 मिमी जाडीचा ईपीडीएम रबराचा लायनर सगळ्यात सोयीचा, कारण तो लवचीक असतो आणि कोपऱ्यात नीट बसतो. मासे ठेवायचे असतील तर तळ्यासाठीचाच लायनर मागा; छपराच्या रबरात माशांना चालत नाहीत अशी द्रव्यं असू शकतात. माप काढायची रीत: लांबी + दोनदा उंची + 30 सेमी, रुंदीलाही तसंच. आपल्या पेटीला 90 + 80 + 30 म्हणजे 200 सेमी, आणि 60 + 80 + 30 म्हणजे 170 सेमी.

आत आधी सगळीकडे हात फिरवून बघा. एकही स्क्रूचं टोक किंवा प्लायची कुसळ नको. त्यावर जुनी घोंगडी किंवा जाड फेल्ट अंथरा. लायनर तासभर उन्हात ठेवला की मऊ पडतो. तो पेटीत सैल सोडा, ताणू नका; पाण्याने ताणला गेला की कोपऱ्याशी फाटतो. प्रत्येक कोपऱ्यात खूप बारीक चुण्या पाडण्यापेक्षा एकच मोठी घडी घाला. मग हळूहळू पाणी सोडा आणि भरता भरता घड्या सरळ करत जा. कड लगेच कापायची नाही. पूर्ण भरून एक दिवस जाऊ द्या, लायनर बसतो तेवढा बसू द्या, मग कापा आणि वरच्या पट्टीखाली दाबून टाका. पाण्याच्या रेषेखाली एकही खिळा किंवा स्टेपल नको, हे सांगायची गरज पडू नये.

पंप आणि वीज

पाणी तासाला एकदा-दोनदा फिरलं की पुरे. तासाला 300 ते 400 लिटरचा छोटा सबमर्सिबल पंप घ्या. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी वर चढवलं आणि स्पंज तुंबला की प्रवाह बराच कमी होतो. पंपाच्या तोंडाला स्पंज लावाच. बाहेर पडणारं पाणी पृष्ठभागाच्या जरा खाली सोडा, वरचं पाणी नुसतं हललं पाहिजे. घरात कारंजं नको: तुषारांनी भिंत ओली होते आणि पाणी लवकर उडतं.

ज्या सॉकेटवर पंप आणि दिवा आहे त्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा आणि वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोळ देऊन सोडा. वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली गळतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, प्रत्येक वेळी. घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर पाण्याच्या वर घट्ट बसवलेली मजबूत जाळी लावा. लहान मूल बोटभर पाण्यातही बुडू शकतं, आणि जाळी असली तरी त्याला तिथे एकटं सोडू नका.

पाणी

नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. पाणीपुरवठ्यात क्लोरामिन वापरत असतील तर ते असं जात नाही, मत्स्यालयासाठीचं क्लोरीन काढणारं औषध मापाने घालावं लागतं. वापरायचे दगड आधी व्हिनेगर टाकून तपासा. फेस आला तर त्यात चुना आहे. संगमरवर आणि चुनखडी यातच येतात, त्यांनी पाणी जड होत जातं. सिमेंटचे ठोकळेही त्याच कारणासाठी टाळा. लाकडाचा ओंडका टाकायचा असेल तर एक-दोन आठवडे वेगळ्या बादलीत भिजवा. पाणी चहासारखं होतं, ते नुकसान करत नाही, पण उजेड अडवतं.

लागवड

तळाशी जाड खडी पसरू नका. तिच्यात गाळ बसतो, हवा पोचत नाही, आणि काही महिन्यांनी ढवळली की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. दीड सेमीचा पातळ थर पुरे, 3 ते 5 मिमीची धुतलेली खडी साधारण 12 किलो. झाडं जाळीच्या टोपल्यांत लावा, म्हणजे छाटायला, हलवायला बाहेर काढता येतात.

माती चिकण पोयट्याची घ्या. कुंडीतल्या झाडांसाठी मिळणारं हलकं मिश्रण, कोकोपीट, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही नको: अर्धं तरंगतं, उरलेलं कुजतं आणि पाणी हिरवं करतं. टोपलीत गोणपाट घाला, ओली माती दाबून भरा, झाड लावा आणि वरून 2 सेमी खडी टाका. पाण्यात सोडण्याआधी टोपली बादलीत पूर्ण भिजवून बुडबुडे निघून जाऊ द्या. कोरडी टोपली थेट सोडली तर हवेच्या जोराने माती उसळून बाहेर येते.

काठाच्या झाडांच्या मातीवर 0 ते 5 सेमी पाणी असावं. 15 सेमी उंचीची टोपली आणि वर 3 सेमी पाणी हवं असेल तर खाली 17 सेमीचा चौथरा लागतो. उलटा ठेवलेला प्लास्टिकचा क्रेट किंवा ग्रॅनाइटचे तुकडे चालतात. इथे अंब्रेला पाम, ठेंगणं वेखंड, पीस लिली लावा. मनी प्लांट आणि सिंगोनियमला तर मातीही नको: मुळं धुऊन पाण्यात सोडायची आणि पानं आडव्या पट्टीवर चढवायची. माशांच्या विष्ठेतलं नत्र ओढून घेण्यात मनी प्लांट फार तरबेज आहे, कारण त्याची पानं हवेत असतात आणि ती भराभर वाढतात. पीस लिली, मनी प्लांट, सिंगोनियम चावल्यास तोंडाची आग होते, तेव्हा मांजर-कुत्रं असेल तर जागा बघून लावा.

पाण्याखाली अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन. पहिल्या दोघांचा आडवा जाड कंद मातीत किंवा खडीत पुरायचा नाही, पुरला की कुजतो. दोऱ्याने दगडाला किंवा ओंडक्याला बांधा, दीड-दोन महिन्यांत मुळं स्वतः पकडतात. क्रिप्टोकोरिनची पानं नव्या पाण्यात गेल्यावर विरघळल्यासारखी गळून पडतात. उपटून टाकू नका, मूळ जिवंत असतं आणि काही आठवड्यांत नवी पानं फुटतात. उजेड चांगला असेल तर ब्राह्मी लावून बघा, ती पाण्याखालीही वाढते आणि वर येऊनही पसरते.

आपल्या तळ्याला काठाच्या तीन टोपल्या, तीन क्रिप्टोकोरिन, दोन अनुबियास आणि मूठभर साल्विनिया एवढं पुरे. तरंगत्या झाडांनी अर्ध्यापेक्षा जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका. काढलेला साल्विनिया कचऱ्यात किंवा कंपोस्टात टाका, नदी-ओढ्यात कधीच नाही. तिथे तो आवरत नाही.

पहिले सहा आठवडे

झाडं लावून लगेच मासे सोडले तर ते बहुधा मरतात. विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. हे जिवाणू खडीवर आणि स्पंजवर वस्ती करायला 4 ते 6 आठवडे घेतात. या काळात रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की चार-पाच गप्पी सोडा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खायला घाला. गोल्डफिश या मापाच्या तळ्यात नको, तो मोठा होतो आणि घाणही फार करतो.

मासे येईपर्यंत, किंवा ठेवायचेच नसतील तर, डासांचा बंदोबस्त हवा. ऊबदार पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. पाणी पंपाने हलतं ठेवा आणि बीटीआय जिवाणूच्या गोळ्या पाकिटावर दिलेल्या मात्रेत टाका. त्या डासांच्या अळ्या मारतात, झाडांना आणि माशांना काही करत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाणी हिरवं झालं तर सगळं पाणी बदलायचं नाही. नव्या पाण्यातून शेवाळाला पुन्हा खाद्य मिळतं आणि नुकते जमलेले जिवाणूही विस्कटतात. दिवा 6 तासांवर आणा, तरंगती झाडं वाढवा आणि दोन-तीन आठवडे धीर धरा.

पातळी रोज कमी होते तेव्हा गळतीची शंका येते. 1 मिमी पातळी म्हणजे या तळ्यात अर्धा लिटर, आणि दिवसाला एक-दोन मिलिमीटर नुसतं वाफ होऊन जाऊ शकतं. खात्री करायला एक प्याला पाण्याने भरून टोपलीच्या चौथऱ्यावर ठेवा, आत-बाहेर दोन्ही पातळ्यांवर खूण करा, पंप बंद ठेवून 24 तासांनी बघा. दोन्ही सारख्या उतरल्या तर ती वाफ. तळ्याची जास्त उतरली तर लायनर फाटलाय असं समजण्याआधी कड तपासा: बहुतेक वेळा घोंगडीचं टोक किंवा एखादं मूळ कडेवरून बाहेर लोंबत असतं आणि वातीसारखं पाणी ओढत असतं.

वाफेतून क्षार जात नाहीत, ते तळ्यातच साठतात. म्हणून नुसती भर घालणं पुरत नाही: आठवड्याला 20 ते 25 लिटर पाणी नळीने तळातून गाळासकट ओढून काढा आणि तितकंच क्लोरीन घालवलेलं पाणी घाला. पंपाचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात.