संग्रहालयाचा आराखडा लिहिण्याआधी कोणाकोणाशी बोलावं

म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, अभ्यासक्रम संपवून एखाद्या लहान संग्रहालयात रुजू झालात, की वर्षा-दोन वर्षांत ‘पुढच्या पाच वर्षांचा आराखडा’ तुमच्या टेबलावर येतोच. विश्वस्तांना तो अनुदानाच्या अर्जाला जोडायचा असतो, संचालकांना सवड नसते आणि तुम्हाला मराठी-इंग्रजी दोन्हींत बरं लिहिता येतं. मग दार लावून एका आठवड्यात तो लिहून काढावा असं वाटतं. तसं करू नका. आधी संग्रहालयातल्या प्रत्येक माणसाशी, तो जिथे काम करतो तिथे जाऊन बोला. स्टोअर (प्रदर्शनात नसलेल्या वस्तू ठेवायची खोली) सांभाळणारे, दालनांतले अटेंडंट, तिकीट खिडकीवरचे, सफाईच्या मावशी, कंत्राटावरचे रात्रपाळीचे रक्षक, सगळे यात आले.

त्यांना मान द्यायला हवा, हे आहेच. पण मुळात आराखड्याला लागणारी निम्मी माहिती कुठल्याच फायलीत नसते, ती या लोकांकडे असते. मी काम करत होते त्या ट्रस्टच्या संग्रहालयात वस्त्रांचं एक छोटं दालन होतं. सल्लागारांनी केलेल्या कच्च्या मसुद्यात त्या दालनासाठी पहिल्याच वर्षी नवे दिवे आणि नव्या शोकेस धरल्या होत्या. तिथल्या अटेंडंट काकांना मसुदा वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, दिव्यांचं मागनं बघू. आधी ही भिंत बघा.” पैठण्यांच्या शोकेसमागे जेमतेम हात जाईल एवढी फट होती. तिथे भिंतीवर त्यांनी पेन्सिलीनं आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. प्रत्येक पावसाळ्यात ओल कुठवर चढली त्याची एक रेघ आणि पुढे साल. सर्वांत वरची रेघ शोकेसच्या तळाला टेकायला आली होती. त्या भिंतीचा फोटो विश्वस्तांच्या बैठकीत ठेवला. गच्चीचं आणि पन्हाळीचं काम पहिल्या वर्षात आलं, दिवे तिसऱ्या वर्षात गेले.

म्हणून बोलायला सुरुवात पावसाळ्यातच करा. गळती, बुरशी, कसर, कोंदट वास सगळं तेव्हा डोळ्यांसमोर असतं. दिवाळीपर्यंत टिपणं झाली तर एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकात त्यांना जागा मिळते. फेब्रुवारीत आठवलेल्या गोष्टी पुढच्या वर्षावर जातात.

स्टोअरसाठी एक चाचणी सांगते. आयक्रॉम ही वारसा-जतनाची आंतरराष्ट्रीय संस्था आणि युनेस्को यांनी लहान संग्रहालयांसाठी स्टोअर नीट लावण्याची ‘री-ऑर्ग’ नावाची पद्धत तयार केली आहे. तिच्या निकषांप्रमाणे स्टोअरमधली कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडायला हवी, आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूची क्रमांकवार नोंदवही, कुठेही उघडा, काही नंबर निवडा आणि स्टोअरमधल्या माणसाबरोबर आत जा. आमचे स्टोअरवाले काका रजिस्टरकडे न बघता सरळ त्या कपाटाशी जाऊन उभे राहायचे. मग ते रजेवर असताना तेच नंबर मी दुसऱ्या सहकाऱ्याला शोधायला सांगितले. बहुतेक सापडलेच नाहीत. कुठली वस्तू कुठे आहे हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं, आणि तो माणूस आराखड्याच्या मुदतीतच निवृत्त होणार होता.

आराखड्यात नवी दालनं, लिफ्ट, कॅफे सगळं असतं. कोण कधी निवृत्त होणार याची यादी मात्र मी फार थोड्या आराखड्यांत पाहिली आहे. ती जरूर घाला. आम्ही काकांच्या शेवटच्या दोन वर्षांत जागांची नोंद करायचं काम त्यांच्याच देखरेखीखाली धरलं: प्रत्येक खणाला क्रमांक, तो रजिस्टरमध्ये आणि नंतर संगणकावर. संगणकासाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं बनवलेलं ‘जतन’ हे सॉफ्टवेअर देशातल्या मोठ्या सरकारी संग्रहालयांत वापरात आहे. ते किंवा दुसरं कुठलंही घ्या. पण वस्तूची जागाच माहीत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये भरणार काय?

आता बैठकीविषयी. सगळ्यांना सभागृहात बसवून ‘सूचना द्या’ म्हटलं की साहेब बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. दोघा-तिघांना त्यांच्या दालनातच, संग्रहालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, पण पगारी वेळेत भेटा. रक्षकाला रात्रपाळी करून आल्यावर फुकट थांबवून ठेवणं अन्याय आहे. ‘व्हिजन’ विचारू नका. तुमचं काम कशामुळे अडतं, लोक तुम्हाला सारखं काय विचारतात, पैसे आले तर पहिली दुरुस्ती कुठली कराल, असं विचारा. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. तिकीट खिडकीवरच्या ताईंनी सांगितलं, की शाळेच्या सहली येतात तेव्हा मुलांना डबे खायला जागा नसते, म्हणून शिक्षक अर्ध्या तासात सगळ्यांना घेऊन बाहेर पडतात. शैक्षणिक उपक्रमांवर पानंच्या पानं लिहिलेल्या मसुद्यात याचा उल्लेख नव्हता.

आणि उत्तर द्या. यात बहुतेक ठिकाणी कमी पडतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक साधी वही ठेवा: सूचना, कोणाची, काय ठरलं, का ठरलं. नकार असेल तर कारणासकट त्या माणसाला तोंडी सांगा. ‘पार्किंगवर छप्पर या पाच वर्षांत होणार नाही, कारण तो पैसा अग्निशमनाला लागतोय’ हे कोणालाही समजतं. काहीच कळलं नाही, तर पुढच्या वेळी तोच माणूस म्हणेल, “सगळं ठीक आहे मॅडम.”

अग्निशमनावरून आठवलं. 26 एप्रिल 2016 ला दिल्लीच्या नैसर्गिक इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली ती मध्यरात्रीनंतर. 2 सप्टेंबर 2018 ला रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं तेव्हा रविवारची संध्याकाळ होती, प्रेक्षकांसाठी ते बंद झालेलं होतं. अशा वेळी इमारतीत कोण असेल याचा विचार करा. आपत्तीची योजना रात्रीच्या रक्षकांबरोबर, रात्रीच, टॉर्च घेऊन इमारतीत फिरून लिहा. मेन स्विच कुठे, कुठल्या कुलपाची किल्ली कोणाकडे, सर्वांत आधी बाहेर काढायच्या वस्तू कुठल्या आणि त्या एकट्याला उचलतील का, हे फिरतानाच कळतं.

इथे एक अडचण येईल. रक्षक एजन्सीचे असतात. करार संपला की नवी माणसं येतात आणि तुम्ही शिकवलेलं सगळं जुन्यांबरोबर जातं. त्यामुळे आराखड्यातच लिहून घ्या, की नव्या करारात किमान काही रक्षक कायम राहतील आणि नव्यांना कामावर घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात ही रात्रीची फेरी होईल. विश्वस्त खर्चाचं कारण सांगतील. तेव्हा ती वही समोर ठेवा आणि रक्षकांनी सांगितलेल्या गोष्टी वाचून दाखवा.