लेझीम गिरवण्यात गेलेले चार महिने

"नाचावरनं अ‍ॅनिमेशन करायचंय, बेळगावात राहून जमतंय काय?" असं पोरं विचारतात. जमतंय की. पण आधी माझं काय झालं ते ऐका.

ब्लेंडर, क्रिटा ही अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, शिकायला यूट्यूब पुरतं. माझा घात केला तो फोननं. शिवजयंतीच्या मिरवणुकीतलं चाळीस सेकंदांचं लेझीम फोनवर घेतलं आणि त्यातली एकाआड एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, गिरवत बसले. सहाशे चित्रं, चार महिने. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा, माझा प्रोजेक्ट २४ चा. एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे १२०० फ्रेम पळायला ५० सेकंद लागणार! हलगी चाळिसाव्या सेकंदाला थांबली, पोरं पुढं दहा सेकंद मुकाट नाचत राहिली. आवाज बंद ठेवून गिरवत होते, त्यामुळं शेवटपर्यंत पत्ताच लागला नाही. वेग वाढवून बघितला, तर मधल्या फ्रेम गळाल्या आणि पाय टेकायच्या आतच पुढची उडी. त्यात रात्रीच्या उजेडात फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतो, म्हणजे ते ३० सुद्धा पक्के नव्हेत.

म्हणून गिरवण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ २४ च्या कायम वेगात बदलून घ्या. चित्र आणि आवाज दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या आहेत का बघा. मग ठोके मोजा. मिनिटाला १२० ठोके असतील तर एका ठोक्याला नेमक्या १२ फ्रेम. १०० असतील तर १४.४, दर वेळी १४ धरलात तर तिसाव्या ठोक्याला अर्धा सेकंद चुकलात. दहा सेकंद नुसत्या काडीमाणसांवर चालवून बघा, आवाज चालू ठेवून. कंटाळा येतो, मान्य.

गिरवणं म्हणजे चोरी, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. मॅक्स फ्लायशर या अमेरिकन अ‍ॅनिमेटरला रोटोस्कोपचं, म्हणजे फिल्मवरनं चित्रं गिरवायच्या यंत्राचं, पेटंट १९१७ मध्येच मिळालंय. मात्र नुसतं गिरवलेलं अंग हलकं दिसतं. आमच्या गल्लीत लेझीम शिकवणारे मामा माझं काम बघून म्हणाले, "पाय कशाला बघतेस? कंबर बघ, वजन आधी तिथनं सरकतंय." नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला मी कर्ज काढून फी भरली होती, तिथं हे कुणी सांगितलं नाही. एआयच्या नाचाबद्दल तर बोलूच नका, त्यात बऱ्याचदा पाय जमिनीवर घसरतात.

सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडकं वाजलं की हात आपसूक फोनकडं जातो. जोगतिणींना आधी विचारा, कशासाठी हवंय ते सांगा, नको म्हणाल्या तर फोन खिशात.

पोटापाण्याचं म्हणाल तर गणेश मंडळांचे व्हिडिओ आणि लग्नपत्रिका. पत्रिका मराठी-कानडी दोन्हीत लागते, म्हणून कानडी अक्षरं वाचणाऱ्याकडनं तपासून घ्या. निम्मे पैसे आधी. ओळखीचा असला तरी, आणि ओळखीचा असला तर नक्कीच. पहिलं वर्ष कोरडं जातं, माझंही गेलं; घाबरून नोकरीच्या मागं लगेच पळू नका.

तेच लेझीम आता नव्यानं काढतेय. सतरा सेकंद झालेत, आवाज चालू ठेवून.